झुरळसदृश कीटकांचे जीवाश्म

तळी, दलदली व नद्यांची मुखे यांत साचलेल्या पुरातन गाळाच्या खडकांत आढळणारे, आजच्या झुरळांशी बाह्य साम्य असलेल्या कीटकांचे अवशेष वा ठसे. यांत बहुधा पुढच्या चिवट पंखांचे ठसेच असतात. सबंध शरीर क्वचितच टिकून राहते. कार्बॉनिफेरस (सु. ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या) कल्पाच्या उत्तरार्धातील दगडी कोळशाच्या थरांत ते विपुल आहेत. ज्या खडकांत सागरी प्राण्यांचे जीवाश्म नसतात अशा खडकांचे वय ठरविणे, खडक बनत असतानाच्या हवामानाची व परिसराची कल्पना करणे आणि आज दूर असलेल्या भूखंडांचे पूर्वीचे संबंध ओळखणे, या तिन्ही कामी त्यांचा उपयोग झाला आहे. मात्र त्यांची साक्ष ग्राह्य धरण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी लागते : मिळालेला अवशेष खरोखर कीटकाचा आहे काय आणि तो ज्या खडकात सापडला त्या खडकाइतकाच जुना आहे काय. या दोन प्रश्नांची उत्तरे चुकल्यामुळे भूविज्ञानात मोठे वाद झालेले आहेत. महाराष्ट्रात या विषयाशी संबंध असलेले खडक नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत आहेत. डहाणू तालुक्यातील गंजाडसारख्या, सर्वस्वी लाव्ह्याच्या खडकांवर वसलेल्या गावाचा परिसर हा अशा जीवाश्मांच्या अभावाचा अर्थ समजून घेण्यास उपयुक्त आहे.

स्वरूप व ओळख : झुरळाचे शरीर चपटे, डोके अग्रवक्षाच्या रुंद ढालीखाली झाकलेले आणि पुढचे पंख जाड, चिवट व एकमेकांवर अंशतः येणारे असतात. पुढच्या पंखाच्या बुडाशी एका कमानदार शिरेने वेगळे झालेले क्षेत्र असते. पंख शरीरापासून सुटून त्याचा तुकडा झाला, तरी या कमानदार शिरेवरून तो ओळखता येतो. उरलेल्या शिरा पंखावर कशा पसरल्या आहेत, त्यांना किती फाटे फुटले आहेत व त्यांच्यामधील आडव्या शिरांची जाळी कशी आहे, यास शिराविन्यास म्हणतात. कीटकाच्या प्रजाती व जाती ठरविण्याचा तो मुख्य आधार होय. काही ठशांवर मूळच्या रंगाचे पट्टे व ठिपकेही गडद-फिकट छटांच्या रूपाने टिकून राहिलेले दिसतात.

पुराजीव महाकल्पातील या कीटकांना सरसकट ‘झुरळे’ म्हणणे मात्र बरोबर नाही. त्यांच्या माद्यांच्या शरीराच्या टोकाशी लांब व बाहेर आलेला अंडनिक्षेपक असे. त्याच्या साहाय्याने त्या एकेक अंडे माती, कुजके लाकूड अशा ठिकाणी घालीत असाव्यात. आजच्या झुरळाच्या मादीला असा लांब अंडनिक्षेपक नसतो व तिची अंडी एका कठीण पेटीत (अंडसंपुटात) एकत्र ठेवलेली असतात. अशा खऱ्या झुरळांचे जीवाश्म मध्यजीव महाकल्पात, विशेषतः क्रिटेशस (सु. १४·३ ते ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या) कल्पाच्या प्रारंभापासून आढळतात. प्राचीन झुरळसदृश कीटकांच्या वंशवृक्षातूनच पुढे खरी झुरळे, खंडोबाचे किडे (प्रार्थना-कीटक) व वाळवी हे गट निघाले. वाळवी ही तर समाज करून राहणाऱ्या झुरळांचीच एक शाखा होय, असे आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून आता मानले जाते. म्हणून ‘झुरळ तीस कोटी वर्षांत मुळीच बदललेले नाही’ हे लोकप्रिय विधान शब्दशः खरे नाही. शरीराचा साचा टिकला. प्रजननाची रीत पूर्णपणे बदलली.

जीवाश्मीभवन : कीटकाच्या शरीरात हाडे नसतात. मेल्यानंतर त्याचा मऊ भाग लवकर कुजतो, इतर प्राणी त्याला खातात आणि पाण्याच्या खळखळाटात त्याचे तुकडे होतात. त्यामुळे वाळू व गोटे वाहून आणणाऱ्या वेगवान प्रवाहांच्या खडकांत कीटक जवळजवळ मिळत नाहीत. संथ पाण्याच्या तळाशी अत्यंत बारीक चिखल साचत असेल, तेथे प्राणवायू कमी असेल व मेलेल्या कीटकावर लवकर गाळ पडत असेल, तरच त्याचा ठसा टिकतो. झुरळसदृश कीटकांचे पुढचे पंख कायटिनाचे, जाड व लवकर न कुजणारे असल्यामुळे ते पाण्यावर तरंगत दूरवर जात व शेवटी तळाशी बसत. कोळसा ज्या दलदलीच्या वनांपासून बनला त्या वनांत पाचोळ्याचा थर मोठा असे व त्यात हे कीटक राहत. कोळशाच्या थरांलगतच्या शेल खडकात पानांच्या ठशांशेजारी त्यांचे पंख मिळण्याचे कारण हेच होय. काही ठिकाणी लोहयुक्त कार्बोनेटाच्या गाठींत सबंध कीटक बंदिस्त झालेले आढळतात. अशा एका गाठीतील आर्किमायलॅक्रिस एगिंटोनाय या सु. ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कीटकाचे त्रिमितीय चित्र लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील रसेल गारवुड व मार्क सटन यांनी २०१० मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने, दगड न फोडता, तयार केले. त्याचे पाय, मुखांगे व स्पर्शिकाही त्यात स्पष्ट दिसतात.

अभ्यासाचा इतिहास : यूरोपात कोळशाच्या खाणी वाढल्या तसे हे जीवाश्म उजेडात येऊ लागले. जर्मनीतील वेट्टीन येथील खाणींतील पंखांचे वर्णन ई. एफ. गेर्मार यांनी १८४० नंतरच्या दशकात केले. अमेरिकन कीटकतज्ञ सॅम्युएल हबर्ड स्कडर यांनी १८७९ मध्ये पुराजीव महाकल्पातील तोवर ज्ञात असलेल्या अशा सर्व कीटकांचा आढावा घेतला व १८९५ मध्ये अमेरिकेतील प्रकारांची सुधारलेली यादी प्रसिद्ध केली. फ्रान्समधील कॉमांत्री येथील कोळशाच्या खाणीतून मिळालेल्या विपुल कीटकांवर शार्ल ब्राँन्यार यांचा ग्रंथ १८९३ मध्ये निघाला. व्हिएन्नाचे आन्टोन हांडलिर्श यांनी १९०६–०८ मध्ये जगातील सर्व जीवाश्मरूप कीटकांचा संग्राहक ग्रंथ लिहिला आणि त्यानंतर या शाखेला पद्धतशीर रूप आले.

आरंभीच्या संशोधकांनी पंखांच्या आकारात व शिरांत दिसणाऱ्या प्रत्येक किरकोळ भेदासाठी नवी जाती निर्माण केली. एकाच जातीच्या कीटकांतही शिरांचे फाटे बरेच कमीअधिक असतात आणि खडक दाबला गेल्यामुळे ठसा लांबट वा रुंद होतो, हे पुढे ध्यानात आले. त्यामुळे जुन्या याद्यांतील पुष्कळ नावे आता रद्द झाली आहेत. जातींची संख्या कमी झाली. पण ज्या उरल्या त्यांच्यावर अधिक भरवसा ठेवता येऊ लागला.

खडकांचे कालमापन : सागरी खडकांचे वय ठरविण्यास शिंपाधारी, ट्रायलोबाइट, अमोनाइट अशा प्राण्यांचा उपयोग होतो; कारण समुद्र जोडलेले असल्याने एकच जाती दूरवर व थोड्या काळात पसरते. जमिनीवरील द्रोणींत साचलेल्या खडकांना ही सोय नसते. दोन डोंगरांमागील दोन द्रोणींतील कोळशाचे थर एकाच वेळचे आहेत की त्यांत लाखो वर्षांचे अंतर आहे, हा प्रश्न खाणकामाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा असतो. वनस्पतींवरून त्याचे उत्तर काढताना अडचण येते. कारण ओलाव्यात वाढणारी वने हवामानाबरोबर सरकत जातात व एकच वनस्पती एका ठिकाणी आधी, तर दुसऱ्या ठिकाणी फार उशिरा दिसते.

झुरळसदृश कीटकांपैकी स्पायलोब्लॅटिनिडी या कुलाचा येथे विशेष उपयोग झाला. या कुलातील कीटकांना उडता येत असल्याने ते एका द्रोणीतून दुसरीत जाऊ शकत आणि त्यांच्या पंखांवरील शिरा व रंगाचे पट्टे तुलनेने जलद व एका ठराविक दिशेने बदलत गेले. जर्मनीतील फ्रायबेर्कचे यॉर्ग श्नायडर यांनी १९८२ मध्ये या क्रमिक बदलांच्या आधारे उत्तर कार्बॉनिफेरस व पूर्व पर्मियन काळांतील खडकांचे विभाग (पट्टे) सुचविले. पुढे मध्य यूरोप व उत्तर अमेरिका येथील द्रोणींची तुलना त्यांच्या साहाय्याने करण्यात आली. जेथे अशा कीटकांचे थर सागरी थरांच्या किंवा किरणोत्सर्गी पद्धतीने वय काढलेल्या ज्वालामुखी राखेच्या सान्निध्यात आहेत, तेथे हे विभाग प्रत्यक्ष वर्षांच्या मापाशी जोडता येतात. सर्वच कीटक असे उपयोगी नसतात. काही गटांचे पंख कोट्यवधी वर्षे फारसे बदलले नाहीत. त्यांच्यावरून खडक कोठे बनला ते सांगता येते, केव्हा बनला ते सांगता येत नाही.

गोंडवनी खडकांतील पुरावा : भारतातील दगडी कोळसा यूरोपातील कोळशाहून नंतरचा, मुख्यतः पर्मियन (सु. ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) कल्पातील आहे व तो गोंडवनी संघाच्या खडकांत आढळतो. भारत त्या वेळी दक्षिणेकडील गोंडवन या महाखंडाचा भाग होता व तेथील हवामान थंड होते. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ हिमनदीने घासून ओरखडे पाडलेला खडकाचा पृष्ठ फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये नोंदविला. तो या शीत काळाची साक्ष देतो. हिमयुग संपल्यावर या भूमीवर ग्लॉसोप्टेरिस व गँगॅमोप्टेरिस या वनस्पतींची वने पसरली. वर्धा खोऱ्यातील कोळसा अशा वनांपासूनच बनलेला आहे. यूरोप-अमेरिकेतील कोळशाची वने विषुववृत्ताजवळच्या उष्ण व दमट प्रदेशात होती आणि झुरळसदृश कीटकांची तेथे दाटी होती. गोंडवनी थरांत पानांचे ठसे विपुल असले, तरी हे कीटक विरळ आहेत. हवामानातील हा फरक त्याचे एक संभाव्य कारण मानता येईल.

म्हणूनच काश्मीरमधील शोधास महत्त्व आहे. तेथील गँगॅमोप्टेरिसयुक्त थरांतून वनस्पती, मासे व उभयचर प्राणी यांचे अवशेष मिळाले. त्यांचे वर्णन ए. सी. सीवर्ड व आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०५ मध्ये केले. काश्मीरमधील गोंडवनी थरांतील एका झुरळसदृश कीटकाच्या पंखास हांडलिर्श यांनी गोंडवानोब्लाटा रेटिक्युलाटा असे नाव दिले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘जाळीदार’ असा आहे. काश्मीरमध्ये या भूजन्य थरांवर झेवान येथील सागरी थर येतात व त्यांतील सागरी जीवाश्मांवरून त्यांचे वय ठरविता येते. साहजिकच खालचे थर त्याहून जुने ठरतात. भारताच्या द्वीपकल्पात गोंडवनी खडक सागरी थरांपासून बहुतेक ठिकाणी अलग पडलेले असल्याने त्यांच्या वयाविषयी दीर्घकाळ वाद होता. काश्मीरमधील या क्रमाने तो मिटविण्यास मदत झाली. खडकाच्या वयाचा मुख्य आधार येथे सागरी थर हा होता आणि कीटकाच्या पंखाने त्याला दुजोरा दिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

गोंडवनी संघाच्या वरच्या भागातील कोटा थर गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाच्या परिसरात व प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात उघडे पडलेले आहेत. ते जुरासिक (सु. २० ते १४·३ कोटी वर्षांपूर्वीच्या) कल्पातील आहेत. त्यांतील चुनखडकात लेपिडोटस या माशाचे चकचकीत खवले मिळतात. त्याच्या एका जातीचे वर्णन १८५१ मध्ये झाले. याच थरांतून महाकाय बारापासॉरस या डायनोसॉराचे सांगाडे व कीटकांचे अवशेषही मिळालेले आहेत. मोठ्या सरड्यांच्या हाडांपुढे कीटकाचा इवलासा पंख नगण्य वाटतो. परंतु त्या प्रदेशात बारीक चिखल साचू देणारे संथ व गोडे पाणी होते, हे हाडांपेक्षा पंखच अधिक निश्चितपणे सांगतो. हाडे पुरात वाहत येऊ शकतात. नाजूक पंख प्रवाहाच्या तडाख्यात टिकत नाही.

ताकळीचे थर : महाराष्ट्रातील जीवाश्मरूप कीटकांच्या अभ्यासाचा आरंभ नागपूरला झाला. स्कॉटलंडहून आलेले धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) हे १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांनी व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरच्या परिसरातील टेकड्या पायी हिंडून पाहिल्या. शहरालगतच्या ताकळी येथे बेसाल्टाच्या थरांमध्ये दबलेल्या पातळशा गाळाच्या थरात त्यांना गोड्या पाण्यातील शंख, फळे, बिया, लाकूड आणि कीटकांची बारीक आवरणे मिळाली. त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटकांचे नमुने अँड्र्यू मरी यांनी तपासले व त्यांचे वर्णन १८६० मध्ये त्याच त्रैमासिकात दिले. ते अवशेष झुरळांचे नसून भुंगेऱ्यांचे होते : भुंगेऱ्यांचे पुढचे पंख कठीण होऊन बनलेली ढालीसारखी आवरणे (पक्षवर्मे) तेवढी चिखलात टिकून राहिली होती. झुरळाच्या चिवट पंखाला जो नियम लागू पडतो तोच येथेही दिसतो. शरीराचा जो भाग सर्वांत कठीण, तोच खडकात उरतो.

या अवशेषांनी एक मोठी गोष्ट सिद्ध केली. दख्खनच्या पठाराचा प्रचंड लाव्हा एका दमात वाहिला नाही. एक थर ओतला गेल्यानंतर दुसरा येईपर्यंत पुष्कळ काळ गेला. त्या अवधीत थंड झालेल्या लाव्ह्यावर माती झाली, तळी साचली, झाडे वाढली आणि त्यांवर कीटक आले. अशा थरांना अंतरा-ट्रापी थर म्हणतात. परंतु या थरांचे वय सांगण्यास भुंगेऱ्यांची पक्षवर्मे अपुरी पडली. हिस्लॉप यांनी मुख्यतः शंखांवरून ते तृतीय कल्पाच्या आरंभीचे मानले. विल्यम ब्लॅनफर्ड यांचा कल क्रिटेशस कल्पाकडे होता. विसाव्या शतकात बिरबल साहनी (१८९१–१९४९) यांनी वनस्पतींच्या आधारे तृतीय कल्पाचा पक्ष पुन्हा मांडला. पुढे किरणोत्सर्गी कालमापन, पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म व खडकांतील चुंबकत्व यांवरून लाव्ह्याचा मुख्य भाग सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे क्रिटेशस कल्पाच्या अखेरीच्या आसपास, बाहेर पडला असे निश्चित झाले. हिस्लॉप हे १८६३ मध्ये नागपूरजवळ एका ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावले. त्यांनी गोळा केलेल्या साहित्यावर मात्र पुढील शंभर वर्षे चर्चा चालू राहिली.

गंजाड परिसर : पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील गंजाड हे गाव वारली चित्रकलेसाठी परिचित आहे. येथील व शेजारच्या तलासरी तालुक्यातील खडक दक्षिण ट्रॅपचे आहेत. बेसाल्टाचे थर व त्यांतील भेगांत शिलारस शिरून गोठलेल्या उभ्या भित्ती या भागात पसरलेल्या आहेत. बाहेर पडणाऱ्या बेसाल्टी लाव्ह्याचे तापमान सु. १,१००° से. असते. अशा रसात कीटकाचा मागमूसही उरणे शक्य नाही. म्हणून गंजाडच्या काळ्या खडकात झुरळाचा वा अन्य कीटकाचा ठसा न मिळणे याचा अर्थ त्या काळी येथे कीटक नव्हते असा होत नाही. त्या खडकाची उत्पत्तीच अशी आहे की, त्यात ती नोंद राहू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ होय. पुराव्याचा अभाव व अभावाचा पुरावा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

कीटक होते, हे दुसऱ्या मार्गाने समजते. डहाणूच्या दक्षिणेस मुंबईत वरळी येथील अंतरा-ट्रापी थरांतून लहान बेडकांचे सांगाडे मिळाले. त्यांचे वर्णन रिचर्ड ओएन यांनी १८४७ मध्ये केले. इंडोबॅट्रॅकस पुसिलस या नावाने ते आता ओळखले जातात. बेडूक मुख्यतः कीटकांवर जगतो. तेव्हा लाव्ह्याच्या दोन उद्रेकांच्या मधल्या काळात या किनाऱ्यावर बेडकांना पुरतील एवढे कीटक होते, असे अनुमान काढता येते. गंजाडच्या आसपास शोध घ्यावयाचा झाल्यास तो बेसाल्टात घेण्यात अर्थ नाही. दोन लाव्हा-थरांच्या दरम्यान पातळ पापुद्र्यांचा शेल वा बारीक कणांचा सिलिकामय गाळ दिसतो काय, हे विहिरी, दगडखाणी व रस्त्यांसाठी केलेले छेद यांत पाहावे लागेल. सूर्या नदीचा गाळ भूवैज्ञानिक दृष्ट्या अलीकडचा असल्याने त्यातील अवशेषांवरून बेसाल्टाच्या काळाविषयी काही सांगता येणार नाही.

अशा भागात फसगत होण्यासारख्या गोष्टीही असतात. खडकांच्या भेगांत मँगॅनिजाच्या ऑक्साइडांची पानासारखी वा झाडासारखी नक्षी उमटते. लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत झिओलाइट व कॅल्साइट यांचे स्फटिक वाढतात. त्यांतील काहींची ठेवण पंखासारखी भासते. कमानदार शीर, नियमित फाटे व दोन्ही बाजूंचा सारखेपणा यांची शहानिशा केल्याखेरीज कोणत्याही आकृतीस जीवाश्म म्हणू नये.

चुकलेल्या दोन साक्षी : अशी शहानिशा अपुरी राहिल्यास काय होते याचे उदाहरण फ्रान्समध्ये घडले. नॉर्मंडीतील, सिल्युरियन कल्पाच्या समजल्या जाणाऱ्या एका वालुकाश्मातील ठशाला ब्राँन्यार यांनी १८८४ मध्ये पॅलिओब्लॅटिना डूव्हीलेई असे नाव देऊन तो झुरळसदृश कीटकाचा पंख असल्याचे जाहीर केले. हे खरे असते, तर पंख असलेल्या कीटकांचा इतिहास कित्येक कोटी वर्षे मागे गेला असता. काही वर्षे तो सर्वांत जुना कीटक म्हणून ग्रंथांत वावरला. पुढे १९०४ च्या सुमारास तो कीटकाचा पंख नसून ट्रायलोबाइट या सागरी प्राण्याच्या डोक्याच्या कवचाचा टोकदार तुकडा असल्याचे दाखवून देण्यात आले. खडक सागरी होता व अवशेषही सागरी प्राण्याचाच होता. खडकाच्या स्वरूपाशी अवशेष जुळतो काय, हा प्रश्न आधीच विचारला असता तर ही चूक टळली असती.

दुसरे उदाहरण भारतीय उपखंडातील आहे. ज्याला आपण सैंधव म्हणतो ते मीठ आता पाकिस्तानात असलेल्या सॉल्ट रेंज या डोंगररांगेत, खेवडा येथील खाणीत मिळते. मिठाचे हे थर ट्रायलोबाइट असलेल्या कँब्रियन खडकांच्या खाली आहेत. सरळ क्रम मानल्यास ते कँब्रियन वा त्याहून जुने, म्हणजे ५० कोटी वर्षांहून अधिक वयाचे ठरतात. साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० नंतरच्या दशकात मीठ व त्यासोबतचे खडक विरघळवून तपासले, तेव्हा त्यांत फुलझाडांच्या लाकडाचे सूक्ष्म कण व कीटकांचे तुकडे मिळाले. बाहेरची धूळ मिसळू नये म्हणून त्यांनी पुष्कळ काळजी घेतली होती. या पुराव्यावरून हे मीठ इओसीन (सु. ५·६ ते ३·४ कोटी वर्षांपूर्वीच्या) कालखंडातील आहे असे त्यांनी प्रतिपादिले. तसे असेल, तर जुने खडक नव्या मिठावर कित्येक किलोमीटर सरकून आले, असे मानणे भाग होते. ई. आर. जी यांच्यासारख्या प्रत्यक्ष क्षेत्रात नकाशे तयार करणाऱ्या भूवैज्ञानिकांना खडकांच्या रचनेत असे प्रचंड सरकणे दिसत नव्हते. या प्रश्नावर परिसंवाद भरविण्यात आले व दोन्ही बाजूंनी निबंध वाचण्यात आले. अखेरीस कँब्रियन वा त्याच्या किंचित आधीचे वय मान्य झाले. मीठ सहज विरघळते व पुन्हा स्फटिकरूप होते. भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर नंतरच्या काळातील कण त्यात शिरू शकतात. अवशेषाची ओळख येथे चुकलेली नव्हती. तो कीटकाचाच तुकडा होता. तो त्या खडकाचा समकालीन आहे, हे गृहीत मात्र चुकले. हा वाद निष्फळ ठरला नाही. खडकातील सूक्ष्म अवशेष वेगळे करण्याच्या पद्धती व त्यांविषयीची सावधगिरी ही दोन्ही त्यामुळे भारतात रुजली.

राळेतील कीटक : तलासरीच्या उत्तरेस गुजरातची हद्द लागते. तेथून पुढे सुरत जिल्ह्यातील वस्तान व तडकेश्वर येथे लिग्नाइटाच्या उघड्या खाणी आहेत. लिग्नाइटाबरोबर तेथे अंबर, म्हणजे झाडांच्या राळेपासून बनलेला जीवाश्म पदार्थ मिळतो. त्याचे वय ५ कोटी वर्षांहून अधिक, इओसीन कालखंडाच्या पूर्वार्धातील आहे. म्हणजे डहाणूकडील लाव्हा गोठल्यानंतर एक कोटीहून अधिक वर्षांनी ही वने उभी होती. ही राळ साल वृक्षाच्या कुलातील (डिप्टेरोकार्पेसी) झाडांची असल्याचे रासायनिक परीक्षणावरून ठरले. येस रुस्ट, हुकम सिंग, डेव्हिड ग्रिमाल्डी व इतर शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये तिच्यातील प्राण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात सातशेहून अधिक संधिपाद प्राणी नोंदले होते. दुसऱ्या वर्षी त्यांतील वाळवीच्या जातींचे वर्णन आले. आजच्या वाळवीत सर्वांत मोठे असलेल्या टर्मिटिडी कुलाची तोवरची सर्वांत जुनी नोंद त्यात होती.

दगडावरील ठशात पंख तेवढा दिसतो. राळेत पाय, केस, डोळे व स्पर्शिकेचे सांधेही जसेच्या तसे राहतात. शिवाय अवशेष मागाहून आत शिरल्याची शंका येथे फार कमी असते, कारण राळ घट्ट होण्यापूर्वीच कीटक तीत अडकलेला असतो. गोंडवनापासून तुटल्यावर भारत कोट्यवधी वर्षे एकाकी बेटासारखा होता आणि म्हणून त्याचे प्राणी अगदी वेगळे असावेत, असे मानले जाई. या राळेतील अनेक कीटकांचे जवळचे संबंधी आशिया, यूरोप व इतरत्र आढळले. त्यावरून भारताचा आशियाशी पूर्ण सांधा जुळण्याच्या सुमारास वा त्याआधीच कीटकांची ये-जा सुरू झाली होती, असे दिसते. भूखंडांच्या हालचालींचा वेध घेण्यास वाळवीसारखा क्षुद्र मानला जाणारा जीवही उपयोगी पडतो, तो असा.

महत्त्व : या सर्व उदाहरणांवरून कीटकांच्या जीवाश्मांचे मोल व मर्यादा स्पष्ट होतात. यूरोपातील कोळशाच्या थरांत झुरळसदृश कीटकांचे पंख कालमापक ठरले. काश्मीरमध्ये त्यांनी सागरी पुराव्यास जोड दिली. ताकळीच्या भुंगेऱ्यांनी लाव्ह्याच्या दोन थरांमधील शांत काळ दाखविला, पण त्याचे वय सांगितले नाही. नॉर्मंडी व खेवडा येथे अपुऱ्या परीक्षणामुळे दिशाभूल झाली. आणि गंजाडसारख्या ठिकाणी खडकाचे मौन त्याच्या उत्पत्तीवरून समजून घ्यावे लागते. जीवाश्म खडकापासून अलग करून त्याचा अर्थ लावता येत नाही. म्हणून नमुना गोळा करताना थराची जागा, त्याच्या वरचे व खालचे खडक आणि आसपासच्या भेगा यांची नोंद ठेवणे नमुन्याइतकेच महत्त्वाचे असते. अशी नोंद नसलेला पंख संग्रहालयाची शोभा वाढवितो. खडकाविषयी तो काहीच सांगू शकत नाही.